कणसरी, मुक्काम आरे, गोरेगाव पूर्व

"गोरेगावात पिकतं काय?" हा मामांचा प्रश्न, आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे. उभी नोकरी त्यांनी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात काढली. निवृत्तीनंतर ते गोरेगाव पूर्वेला सातव्या मजल्यावर राहायला आले, पण बोलण्यात अजून चिखलणी, फुटवे आणि पळिंजच असतं. भाची कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि आरेतल्या पाड्यांवर तिचं जाणं-येणं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने स्टेशनबाहेर बसलेल्या बाईकडून झेंडूचं तोरण आणलं. झेंडू आणि आंब्याच्या पानांमध्ये भाताच्या हिरवट लोंब्या खोवलेल्या होत्या. मामांनी एक लोंबी उपसली, दाणे नखाने दाबून पाहिले आणि निकाल दिला, "अर्धे पळिंज. दाणा भरायच्या आधीच कापलंय. हे दाराला टांगून कुठलं पीक येणार?"

"तोरण पीक यावं म्हणून नसतं मामा, आलं म्हणून असतं."

"आलं कुठे? या सातव्या मजल्यावर?"

हा वाद दिवाळीपर्यंत पुरला. दोघांनाही घाई नव्हती.

आरेच्या हिरव्या पट्ट्यात २७ आदिवासी पाडे आहेत. वारली तिथे बरेच, त्यांच्या जोडीला मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. वारल्यांच्या घरात धान्य हे नुसतं धान्य नसतं, ती कणसरी असते, असं भाचीने सांगायला घेतलं. जमीन ती धरतरी, गुरं ती गावतरी, पाऊस हे नारनदेवाचं खातं आणि गावाच्या कडेला वाघोबा. वर्षाची कामं या देवांच्या पाळीने चालतात. पहिल्या पावसात कोळीची भाजी उगवते, ती देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. नवं भात घरात आलं की त्याचंही तसंच. आणि भात कापायला आलेलं असताना, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी गाय-वासराची पूजा करतो आणि वसुबारस म्हणतो. पाड्यावर पूजा होते ती वासरू खाणाऱ्याची.

मामांना यातली भाजी तेवढी पटली. "त्या कुळातल्या पांढऱ्या मुसळीच्या एका जातीला बोरिवलीचं नाव आहे, ठाऊक आहे का तुला? क्लोरोफायटम बोरिविलियानम. झेवियर्स कॉलेजच्या फादर सांतापाऊंनी सहकाऱ्याबरोबर तिची नोंद केली, पन्नासच्या दशकात. आता तिची मुळं शक्तिवर्धक म्हणून विकली जातात. उपटणारे व्यापारी देवाला विचारून उपटतात का?"

"नाही विचारत. पाड्यावरची बाई विचारते. आणि ती पानं खुडते, कंद काढत नाही."

"मग देव कंदापुरता उपयोगाचा. पावसाचं काय?" मामांनी आकडे काढले. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याचे चार महिने मिळून दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला जातो. २६ जुलै २००५ ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला. कोकणपट्टीतल्या भाताला दोनच वेळा घोर लागतो. जुलैत आवणीच्या वेळी पावसाने ओढ दिली तर, आणि ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात पडलेलं असताना परतीचा पाऊस आला तर. म्हणजे नारनदेवाला सांगायचं झालं तर 'दे' म्हणून नव्हे, 'आता पुरे' म्हणून सांगायला हवं. "आणि पिण्याच्या पाण्याचं म्हणशील, तर गोरेगावाला पाणी नारनदेवाने दिलेलं नाही. मृणाल गोऱ्यांनी बायकांना घेऊन महापालिकेवर हंडे वाजवले, पाणीवाली बाई हे नाव पडलं, तेव्हा नळाला पाणी आलं. मागायचं कुणाकडे हे कळणं म्हणजेच प्रगती."

भाची हसली. "हंडा मोर्चातही हंडा ठरलेला, घोषणा ठरलेल्या आणि ज्याच्याकडे मागायचं तो वर्षभर कानाडोळा करणारा. नवसात आणि मोर्चात मला तरी फार फरक दिसत नाही."

फरक आहे, आणि तो लहान नाही. देवाला निवडणुकीत पाडता येत नाही. पण मामांनी हा मुद्दा सोडून दिला, कारण त्यांना जमिनीकडे यायचं होतं.

जमिनीची कथा अशी. मुंबई शहरातले तबेले हलवून एका जागी नेण्यासाठी सरकारने १९४९ साली आरे, मरोळ-मरोशी, सई, पहाडी गोरेगाव वगैरे गावांच्या जमिनी घेतल्या. दारा खुरोडी हे त्यामागचं डोकं. मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते दूधवसाहतीचं उद्घाटन झालं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले, १६ हजारांच्या आसपास म्हशी. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या बरोबरीने खुरोडींनाही मिळाला. त्याच जमिनीतून पुढे चित्रनगरीला जागा गेली, आणखी कुणाकुणाला गेली, आणि शेवटी मेट्रो तीनच्या कारशेडला.

"आरेतलं सर्वांत मोठं पीक कोणतं, सांगू?" मामा म्हणाले. "पॅरा गवत. म्हशींसाठी, तबेल्यांच्या सांडपाण्यावर वाढवलेलं. त्याची कुणी देवी नाही, व्रत नाही, तरी कापून कापून संपत नाही. आणि तुझ्या कणसरीचं भात किती? चार गुंठे, सहा गुंठे. उरलेल्या ठिकाणी भाजी. गावात पीक होतं तेव्हा सण होता, हे मी समजू शकतो. पीक गेलं, सण राहिला. त्याला मी हौस म्हणतो."

भाची यावर लगेच बोलली नाही. ती त्यांना वाघबारशीला पाड्यावर घेऊन गेली.

पाड्याच्या कडेला झाडाखाली शेंदूर फासलेला वाघोबा होता. पालघर-ठाण्याकडे लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. इथे दगड आणि वर पत्र्याचा आडोसा होता. नारळ, कोंबडी, थोडी दारू, वर्गणीतून आणलेलं बाकीचं सामान. पूजा सांगणाऱ्या भगताने काय म्हटलं ते मामांनी ऐकलं नाही, कारण ते तोवर पलीकडच्या खाचरात उतरले होते. लोंब्या बऱ्या भरल्या होत्या, पण रोपं दाट लावलेली. खाचराची मालकीण, साठीच्या घरातली, बांधावर उभी होती. मामांनी तिला तिथल्या तिथे चारसूत्री पद्धत समजावली. डॉ. नारायण सावंतांनी घालून दिलेली ही सूत्रं कोकणातल्या प्रत्येक कृषी सहायकाला पाठ असतात: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, शेतात गिरिपुष्पाचा पाला, एका चुडात दोन ते चारच रोपं ठरावीक अंतरावर, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी.

बाईने सगळं ऐकून घेतलं. "राख तर आम्ही घालतोच, राब भाजतो की. गोळी कुठं मिळते ते सांगा. पण साहेब, डुकराला कोण सांगणार? मागल्या साली अर्धं भात डुकरांनी लोळवलं. माकडं भेंडी ठेवत नाहीत. वाघोबा रातचा फिरतो तवर डुक्कर लांब राहतं."

परतताना मामा म्हणाले, "हिचं म्हणणं विज्ञानात बसतं." संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या भागातले बिबटे कॅमेरा सापळ्यांनी मोजले गेले आहेत. २०१५ च्या गणतीत ३५ निघाले, २०१८ च्या गणतीत ४७. त्यांच्या खाण्यात सुमारे ४० टक्के वाटा भटक्या कुत्र्यांचा आहे, आणि कुत्रे कमी म्हणजे रेबीजचा धोका कमी, असा हिशेब २०१८ मध्ये एका शोधनिबंधात मांडला गेला. म्हणजे बिबट्या हा शेताचा आणि शहराचाही राखणदार ठरतो. "फक्त त्यासाठी कोंबडी कापायची गरज काय, ते मला कळत नाही. बिबट्याला ती मिळत नाही, भगताला मिळते."

"कोंबडी सगळा पाडा खातो," भाची म्हणाली. मग तिने एक अभ्यास सांगितला. वन्यजीव संवर्धन सोसायटीच्या संशोधकांनी २०१८-१९ मध्ये मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली. त्यांचं निरीक्षण असं की वारल्यांच्या लेखी हा करार आहे. माणसाने वर्षातून एकदा मान द्यायचा, वाघोबाने गुरं आणि माणसं सांभाळायची. अशा करारामुळे बिबट्याशेजारी राहणं सुसह्य होतं, पिंजरा लावा अशी आरडाओरड कमी होते. "जंगल खात्याला जे पोस्टर लावून जमत नाही ते वाघबारस करते."

इथे मामांचा आवाज चढला. "२०२२ च्या दिवाळीत आरेतच बिबट्याने दीड वर्षाचं मूल नेलं. लक्ष्मीपूजनाचा दिवस, वाघबारस होऊन तीन दिवस झाले होते. करार कुठे गेला? त्याच्या आदल्या वर्षी तर हल्ल्यांमागून हल्ले. त्यावर तुमचा भगत काय म्हणतो?"

"मानात काही कमी पडलं असेल, असं म्हणतात."

"म्हणजे दोष पुन्हा माणसाचाच. ज्याचं गेलं त्याचाच."

भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिने ते ओढून-ताणून आणलंही नाही. मामा थांबले नाहीत. पीक बुडालं, गुरू मेलं, मूल आजारी पडलं, की कारण शोधायचं काम भगताकडे जातं. आणि ठाणे-नाशिक-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हे कारण कितीदा तरी एखाद्या एकट्या बाईच्या दारात येऊन थांबलं आहे. तिला भुताळी ठरवायचं, मारायचं, गावाबाहेर काढायचं. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या वर्षीच, २०१३ च्या डिसेंबरात, जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. "तुझी कणसरी गोड आहे. पण कणसरीची कहाणी सांगणारा आणि भुताळीचं नाव घेणारा माणूस एकच असतो, हे तुमच्या निबंधांत लिहा."

सणांवर जिव्हाळ्याने लिहिणारे इथे सहसा पुढचं पान उलटतात. भाचीने उलटलं नाही. कायद्याने सण आणि पूजा वगळली आहे आणि छळाला शिक्षा सांगितली आहे, म्हणजे दोन्ही वेगळं करता येतं, एवढंच ती म्हणाली. मामा म्हणाले, कायद्यात करता येतं.

पुढची फेरी घरी झाली. तोरणाच्या लोंब्या सुकल्या होत्या आणि 'पीक गेलं, सण राहिला' हे वाक्य भाचीच्या डोक्यात घोळत होतं. तिने मामांना त्यांच्याच इमारतीतून हिशेब घालायला सांगितला. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किती घरांनी कोजागरीला दाराला 'नवं' बांधलं? आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल. यातल्या किती जणांनी यंदा नांगर धरला? मालाड-मरोळ-आंबोलीकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं विळ्याने कापतो, त्यावर आशीर्वाद देतो आणि वाजतगाजत ती चर्चमध्ये आणतात. घरात मराठीचीच एक बोली बोलणारा हा समाज. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. साष्टीतली त्यांची भातशेतं इमारतींखाली गेली. गोराई-उत्तनकडे थोडी उरली आहेत, बाकी ठिकाणी कणसं बाहेरून आणायची. "आगेरा केला म्हणून त्यांना कुणी हौशी म्हणत नाही. आम्ही इथले, असं म्हणायची ती त्यांची वर्षातली एक तारीख आहे."

"आणि व्हिएतनाम?" मामा म्हणाले.

व्हिएतनाम मामांचा आवडता देश. १९८६ पर्यंत तिथे सामुदायिक शेती होती आणि तांदूळ बाहेरून आणावा लागे. त्या साली दोइ मोइ नावाचं सुधारणांचं धोरण आलं, १९८८ मध्ये जमीन कसायला कुटुंबांच्या हाती दिली गेली, आणि १९८९ मध्ये हा देश दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात करू लागला. "एका वर्षात देवाची मर्जी फिरली नाही. कागद फिरला. कसणाऱ्याला कळलं की जास्त पिकवलं तर ते आपलं."

"आणि पोट भरल्यावर त्यांनी काय केलं?" भाचीला ही संधी हवीच होती. दहाव्या शतकात ले होआन नावाच्या राजाने हनोईच्या दक्षिणेला दोइ सन डोंगराच्या पायथ्याशी स्वतः नांगर धरून वर्षाच्या शेतीचा आरंभ केला. साल ९८७. तिक दिएन नावाचा हा विधी पुढे बंद पडला होता. २००९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या सातव्या दिवशी रंगवलेले रेडे जुंपतात, आणि साम्यवादी राजवटीचे राष्ट्राध्यक्षही तिथे येऊन नांगराची मूठ धरून गेले आहेत. उत्तरेच्या डोंगरात ताय लोक त्याच सुमारास लोंग तोंग करतात, म्हणजे शेतात उतरायचा सण. उंच बांबूच्या टोकाला कागद लावलेली कडी, आणि कापडाचा चेंडू फेकून ती फोडायची. फुटली तर पीक चांगलं येणार. "जगभर तांदूळ विकणारा देश पिकासाठी देवापुढे उभा राहतो. भीतीपोटी असता तर निर्यात सुरू झाल्यावर हा सण मेला असता."

"राष्ट्राध्यक्ष नांगर धरतो तो फोटोसाठी."

"असेल. पण फोटोसाठी का होईना, सरकार तिथे येऊन म्हणतं, हे शेत आहे. आरेत सरकार म्हणतं, ही दूधवसाहत आहे. कधी म्हणतं कारशेड, कधी राखीव वन. शेत आहे असं इथे कोण म्हणतं? वाघबारशीला भगत म्हणतो, तेवढाच."

मामांनी पहिल्यांदा चष्मा काढून पुसला.

भाचीचं म्हणणं एवढंच आहे, आणि या लेखकालाही ते नाकारता येत नाही: आरेतल्या पाड्यांवरचं मागणं पावसाचं उरलेलं नाही. ते जमिनीचं झालं आहे. तारपा त्याचा पुरावा आहे. सुकलेल्या दुधीचं, बांबूचं आणि मेणाचं हे फुंकवाद्य. जुन्या रिवाजाने तो पाऊस ओसरून भात तयार होऊ लागलं की बाहेर काढायचा. पेरणी-आवणीच्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही. आता ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, तो भर पावसात वाजतो. मामा याला भेसळ म्हणतात. पण भात अजून पोटरीतही आलेलं नसताना तारपा वाजवायची पाळी का आली, याचं उत्तर शेतात नाही, मंत्रालयात आहे.

४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेला वन मानायला नकार देत याचिका फेटाळल्या. त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आणखी तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. तो नवरात्राचा आठवडा होता. २०२१ मध्ये आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वनासाठी वन खात्याच्या हाती आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा धावू लागला. या सगळ्यात पाड्यावरची चार-सहा गुंठ्यांची खाचरं कुठल्याच नकाशात ठळक दिसत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या भात लावूनही हातात सातबारा नाही.

"मग लढा," मामा म्हणाले. "देवाला कशाला मध्ये आणता? वारल्यांनी लढून दाखवलंय की. २३ मे १९४५, झरी. गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या हाकेला पाच हजार वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. त्याच पावसाळ्यानंतर त्यांनी गवत कापायचं थांबवलं, पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मागितले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घरात धान्य आलं ते त्यामुळे. कणसरी तर हजार वर्षं होती, तेव्हा वारली उपाशीच होता ना?"

हा मामांचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि भाचीने तो मान्यही केला. मग बॅगेतून तिने एक छापील कागद काढला. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम, १ जानेवारी २००८ ला अमलात आलेले. त्यातल्या तेराव्या नियमात दाव्यासोबत कोणते पुरावे चालतील त्याची यादी आहे. सरकारी दस्त, नकाशे, मतदार ओळखपत्र, बांध आणि ताली. आणि पुढे जुन्या वहिवाटीची खूण पटवणाऱ्या पारंपरिक जागा: विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थानं. त्याखाली दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब.

"वाघोबा पुराव्यात?" मामांनी कागद दोनदा वाचला.

"शेंदूर फासलेला दगड. कायद्यानेच म्हटलंय."

"आरे वनजमीन नाही असं कोर्टाने म्हटलं, मग हा कायदा लागतो कुठे?"

"वन खात्याकडे आलेल्या ८१२ एकरांचं काय? वाद तिथेच आहे. आणि वाद आहे म्हणूनच ठाणं जागतं ठेवावं लागतं. ज्या पाड्यावर तीन वर्षं वाघबारस झाली नाही, तिथला दगड उद्या नुसता दगड ठरेल."

मामा बराच वेळ कागदाकडे बघत होते. त्यांना न पटलेल्या गोष्टी तशाच होत्या: कोंबडी, भगत, ते दिवाळीतलं मूल. पण पुरावा म्हटल्यावर त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. दगडाचं वय कुणी काढणार नाही, ते म्हणाले, शेंदराचे थर दर वर्षी चढतात. वडीलधाऱ्यांच्या जबाबात मात्र एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तुम्ही लहान होतात तेव्हा घरात कोणतं भात लावायचे? कारण भाताच्या जातीला जन्मतारीख असते. कुणी 'जया' म्हणालं, तर ती १९६८ च्या आधीची आठवण नाही. 'सह्याद्री' म्हणालं, तर १९९८ नंतरची. पण ऐंशीच्या घरातल्या म्हातारीने झिणी, कोळंबा, पटणी अशी नावं घेतली आणि कुठल्या खाचरात कोणतं, कोणाला पाणी जास्त लागायचं, कोणत्या भाताची पेज गोड हे सांगितलं, तर दूधवसाहतीच्या आधी इथे शेत होतं हे म्हणायला जोर येतो. "एकट्या या गोष्टीवर निकाल लागणार नाही. पण भाताच्या जाती आणि बांध जुळले तर साहेबाला विचार करावा लागेल."

"हे तुम्हीच विचारायला या. मला झिणी आणि जया यातलं काही कळत नाही."

"येतो. प्रश्न आधी लिहून काढू, म्हाताऱ्यांना उलटसुलट विचारून दमवायचं नाही. आणि त्या बांधावरच्या बाईंना युरिया-डीएपीच्या गोळ्या कुठे मिळतील तेही विचारून ठेवलंय मी." मामांनी चष्मा पुन्हा चढवला. "फक्त पुढच्या वाघबारशीला माझ्याकडे कोंबडीची वर्गणी मागायची नाही."

"नारळाची?"

"नारळाचं बघू."